एकोणसत्तर वर्षांच्या तुराट्या

सकाळी चुलीवर ठेवलेली तुरीची डाळ दुपार झाली तरी शिजली नव्हती. पार्वताबाईंनी पळीने एक दाणा काढला, बोटांत दाबून पाहिला आणि नवऱ्यापुढे धरला.

"हे पाहा. खडे हायेत खडे. विहिरीच्या पान्यात दाय शिजत नाही, हे काय मी आज सांगू तुमाले? घागरभर झिऱ्याचं पानी आना, मंग जेवा."

गावचे पाटील खुशालराव पाटावर बसून होते. म्हणाले, "आपली पाळी रविवारी सकाळी हाये. घागरींची ओळ मीच लावली, मीच कसा मोडू?"

"मंग खा खडे," पार्वताबाई म्हणाल्या आणि तीच डाळ त्यांनी भाकरीवर वाढली.

पूर्णेच्या काठचे कोळपांढरी हे गाव बाळापूर तालुक्यातले. जमीन काळीभोर. कापूस आणि ज्वारी पाहून बाहेरगावचा माणूस थांबून उभा राहावा अशी. पण जमिनीखालचे पाणी खारे. विहिरीचे पाणी ढोरे पितात, माणसाला पिववत नाही. त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. गोडे पाणी म्हणजे नदीच्या वाळूत खणलेला झिरा. नदी वाहती असली की झिरा भरलेला. नदी आटली की त्यात वाटीवाटीने पाणी जमते.

म्हणून टंचाईच्या दिवसांत गावाचा एक जुना रिवाज होता. प्रत्येक घराने आपली एक घागर झिऱ्याकाठी ओळीत मांडायची. पुढची घागर भरली की ओळ सरकायची. रात्री-बेरात्री कुणी राखण करीत नसे, तरी कुणी कुणाची पाळी चोरत नसे. आणि ज्या घराला गावाने दूर केले, त्या घराची घागर ओळीतून काढून बाजूला पालथी घालीत. पालथ्या घागरीला कुणी हात लावायचा नाही, असा नियम.

साल एकोणीसशे पासष्ट. मृगात चार शिंतोडे आले. आर्द्रा बरी बरसली, लोकांनी पेरण्या उरकल्या. पुढे पुनर्वसू कोरडे गेले, पुष्य कोरडे गेले, आश्लेषा लागली तरी आभाळ स्वच्छ. कापसाची पऱ्हाटी वीतभर होऊन उभ्याउभ्या वाळू लागली. नदीची धार तुटली. झिऱ्याकाठी घागरींची ओळ लागली आणि त्या ओळीबाहेर एक घागर पालथी पडली. ती पुंजाराम कुंभाराची होती. खुशालरावांनी स्वतःच्या हाताने ती पालथी घातली होती, त्याला आठ दिवस झाले होते.

पुंजारामचा गुन्हा काय, तो ऐका. चौदा वर्षांपूर्वी तो बायको गंगूबाईला घेऊन या गावात आला. मडकी, रांजण, चुली करी आणि जमेल तेव्हा विटांची भट्टी लावी. यंदा शेजारच्या गावी शाळेची इमारत व्हायची होती, तिच्या वीस हजार विटा त्याला मिळाल्या होत्या. आर्द्रेच्या पावसात त्याच्या निम्म्या कच्च्या विटा विरघळून चिखल झाल्या. त्या दिवशी चावडीवर डोक्याला हात लावून तो म्हणाला, "आता पंधरा दिवस हा थांबला तं माहं निभते, बाप्पा."

तेव्हा सगळे हसले. पण पाऊस खरेच थांबला. पंधरा दिवस झाले, महिना झाला, तसे कुणीच हसेना.

आपल्याकडे एक समजूत फार जुनी आहे. कुंभार भट्टीत मडके पालथे पुरतो आणि पाऊस बांधून टाकतो, म्हणजे त्याच्या विटा वाळतात. कुणीतरी पुंजारामच्या भट्टीत डोकावून आले आणि पालथे मडके पाहिल्याचे सांगितले. कुंभाराच्या अंगणात शंभर मडकी पालथीच असतात, हे त्या दिवशी कुणालाच आठवले नाही.

खुशालरावांजवळ तर पुरावाच होता. वीस सालच्या दुष्काळात ते दहा वर्षांचे होते. गावात भिवसन नावाचा कुंभार राहत असे. त्यानेही पाऊस बांधला असा बोभाटा झाला. खुशालरावांचे वडील भगवंतराव गावाचे प्रमुख. त्यांनी गाव गोळा करून भट्टी मोडली आणि भिवसनच्या कुटुंबाला गाडीत घालून शिवेबाहेर सोडले. पुढच्या साली असा पाऊस झाला की ज्वारीत बैल दिसेना. "मी माह्या डोयानं पाह्यलं हाये," खुशालराव सांगत. गावाला एवढे पुरले. चावडीवर ठरले की येत्या रविवारी पुंजारामची भट्टी मोडायची आणि त्याला शिवेबाहेर घालायचे. तसा कागद झाला. त्यावर पाच पंचांची संमती हवी होती. चौघांचे अंगठे उठले होते. पाचवा पंच म्हणजे सहदेव.

डाळीचे ते खडे कसेबसे गिळून खुशालराव कागद घेऊन निघाले. विहिरीपाशी गंगूबाई भेटली. डोक्यावर खाऱ्या पाण्याची घागर होती. ती वाटेतून बाजूला झाली, पण गेली नाही.

"पाटील, लेक बाळंतीन हाये घरी. बारा दिवसाचं लेकरू हाये. या पान्यानं तिले जुलाब लागले. दूध आटून राह्यलं तिचं." ती खाली पाहून बोलत होती. "आमाले नका देऊ. तिच्यापुरती एक घागर द्या. ती तं या गावची बी नाही, पाहुनी हाये."

खुशालराव म्हणाले, "गावाचा ठराव हाये, गंगूबाई. माह्या एकट्याच्या हातात नाही."

हे खोटे होते आणि दोघांनाही ते ठाऊक होते. खुशालराव भरभर पुढे गेले.

सहदेव साठीचा गडी. बाळापूरच्या कचेरीत तेहतीस वर्षे शिपाई होता. कचेरीच्या आवारात चौथऱ्यावर पाऊस मोजायचे एक नळकांडे होते. वर नरसाळे, आत बाटली. रोज सकाळी आठ वाजता त्या बाटलीतले पाणी मापात ओतायचे आणि रेघा मोजून किती इंच, किती सेंट ते बाबूला सांगायचे, हे काम सहदेवचे. पुढे इंच गेले आणि मिलिमीटर आले, पण सहदेव आठाच्या ठोक्याला हजर. निवृत्त होऊन त्याला दोन वर्षे झाली होती. तरी सकाळी आठ वाजता तो अंगणात येऊन आभाळाकडे पाहतो, अशी गावात थट्टा चाले.

आणखी एक गोष्ट होती. सहदेव पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत निरक्षर होता. कचेरीतले नाझर मोरोपंत यांनी त्याला अक्षरओळख करून दिली. गिरवायला पुस्तक नव्हते. पावसाच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली होती, त्या उतरवून काढायच्या होत्या. मोरोपंतांनी त्याच वह्या पुढ्यात टाकल्या. सहदेव आकडे लिहायला शिकला ते पावसाचे, आणि अक्षरे शिकला ती गावांच्या नावांची. वरून दरसाल छापील तक्ते येत, त्यांत चिखलदऱ्याचा, अमरावतीचा, अकोल्याचा पाऊस असे. तोही त्याने उतरवला. ती गिरवण्याची वही त्याने जपून घरी आणली होती आणि दर साली कचेरीतून नवा आकडा आणून तो तीत भरत असे.

"या खुशालराव," तो म्हणाला. "तोंड कावून वाकडं?"

"दाय कच्ची खाल्ली."

"मंग पोट दुखाले पायजे, तोंड नाही."

खुशालरावांनी कागद पुढे ठेवला. "चौघाइचे आंगठे हायेत. तुमी तं सही करता. तुमची सही असली की कागदाले वजन येते."

सहदेवने दोऱ्याने बांधलेला चष्मा कानांवर चढवला. ओळीखाली बोट धरून त्याने सगळा कागद वाचला. मग पुन्हा वाचला. "करतो सही," तो म्हणाला. "पन माहं एक काम करा. गाडीभर तुराट्या पायजे. लांब अन् सरळ."

"जाळाले?"

"नाही. पाऊस दाखवाले."

खुशालराव हसले. "कचेरी सुटल्यावर तुमचं डोकं फिरलं म्हनतेत लोक, ते काही खोटं नाही."

"रविवारी सकाळी सारा गाव नदीत बोलवा. बायामानसं, म्हातारे, पुंजारामलेही. माहं दाखवून झालं की तिथंच सही करतो. भट्टीवर पयला दगडही मीच टाकीन. मले त्या कामाची सवय हाये."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ खुशालरावांना कळला नाही. कागद तिथेच ठेवून ते गेले आणि तुरीच्या वाळक्या काठ्यांची गाडी त्यांनी पाठवून दिली.

रविवारी सकाळी लोक नदीत उतरले आणि उतरता उतरता थबकले. कोरड्या वाळूत तुराट्यांच्या चार लांबच लांब रांगा उभ्या होत्या. एकेका रांगेत एकोणसत्तर तुराट्या. कुठली गुडघ्याला लागेल एवढी, कुठली वीतभर, तर नदीच्या वरच्या अंगाची रांग कमरेच्या वर. दर दहा तुराट्यांनंतर एकीला चिंधी बांधलेली. वाऱ्याने चिंध्या हलत होत्या. दोन दिवस एकटा म्हातारा विळ्याने मापून तुराट्या छाटत होता.

"हे काय मांडलं, सहदेवभाऊ?" एकजण म्हणाला. "वाळूत तुरी पेरल्या का?"

"हा पाऊस हाये," सहदेव म्हणाला. "एका साली जेवढे इंच पडला, तेवढी बोटं तुराटी कापली. एक तुराटी म्हंजे एक साल. ही पयली अठराशे शहान्नवची. ही शेवटची मागच्या सालची. ही रांग बाळापूरची, ही अकोल्याची, ती अमरावतीची. अन् ती वरची उंच रांग चिखलदऱ्याची. पूर्णेच्या आंगावर पडनारं पानी हाये हे, एकोनसत्तर सालचं. चला, पाहा फिरून."

लोक आधी बिचकले. मग एका म्हातारीने विचारले, "माहं लगन झालं ते साल कोनतं?" सहदेवने वहीत पाहून तुराटी दाखवली. म्हातारी तिच्यापाशी उभी राहिली आणि तिने तुराटीच्या टोकावर हात ठेवला. "खरं हाये बाई," ती म्हणाली. "मांडव वाहून गेल्ता." मग ज्याला त्याला आपले साल हवे झाले. कुणी जन्माचे शोधले, कुणी बैल मेले ते, कुणी नवे घर बांधले ते. पार्वताबाईंना आपल्या पहिल्या मुलाचे साल सापडले. गावातला सर्वांत म्हातारा माणूस पहिल्या चिंधीच्या आधी, एका वीतभर तुराटीपाशी वाकला. ते नव्व्याण्णव साल होते. "या साली माही माय गेली," तो म्हणाला. "आमी अंबाडीचा पाला खाऊन राह्यलो." ज्या वर्षाची आठवण कधी कुणाला दाखवता आली नव्हती, ते वर्ष त्याच्यासमोर वाळूत उभे होते, बोटाने मोजता येईल असे. तो कितीतरी वेळ तिथून हलला नाही.

खुशालराव मात्र घाईत होते. त्यांनी वीस सालची तुराटी शोधली. तीही खुजी होती. तिच्या पुढची, एकवीसची, दुप्पट उंच. त्यांनी गावाकडे वळून मोठ्याने म्हटले, "पाहा. डोयानं पाहा सारे. इथं माह्या बापानं भिवसनची भट्टी मोडली, अन् हा पाहा पाऊस. सहदेवभाऊच्या हातानंच साबित झालं."

लोकांत कुजबुज झाली. माना हलल्या. मागे नवऱ्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या गंगूबाईने डोळे मिटून घेतले. पुंजारामचा चेहरा मातीसारखा झाला.

सहदेव शांतपणे म्हणाला, "बरोबर हाये. आता या माह्यासंगं."

त्याने खुशालरावांना अकोल्याच्या रांगेत नेले. वीसची तुराटी खुजी, एकवीसची उंच. अमरावतीच्या रांगेत नेले. वीसची खुजी, एकवीसची उंच. मग चिखलदऱ्याच्या रांगेत नेले, जिथे सगळ्या तुराट्या उंच. तिथेही वीसची आपल्या बहिणींत खुजी आणि एकवीसची पुन्हा वर गेलेली.

"खुशालराव, चिखलदऱ्याले त्या साली कोन्या कुंभाराले हाकललं?"

खुशालराव पुन्हा वीसच्या तुराटीकडे वाकले.

"इकडं या. हे अठरा साल. खुजं. एकोनीस उंच. अठराले आपल्या गावात कोनाची भट्टी मोडली?"

"कोनाचीच नाही," मघाचा म्हातारा म्हणाला. "तवा तं तापाची साथ आल्ती. भट्टी मोडाले मानसं कुठी होते?"

"नव्व्यान्नव पाहा. अन् पुढचं साल पाहा. खुजीच्या मांगं बहुतेक वेळा उंच येते. कोनाले हाकला, नका हाकलू. कोन्या वेळी दोन साल खुजे निघते, पन मंग तिसरं वर येते. भट्टी मोडून जो पाऊस आनला असं आपन म्हनतो, तो येनारच होता. आपल्याले ठाऊक नव्हतं, कावून की आपन फक्त आपल्या गावची दोन साल पाह्यली."

एकजण अजून अडून होता. "पन भाऊ, पुंजारामनं तोंडानं म्हटलं ना, थांब म्हनून. अन् थांबला."

सहदेवने त्याच्याकडे पाहिले. "लेका, तू मागच्या साली मुंजाबाले काय मांगत होता? पाऊस दे म्हनत होता. तुह्या म्हनन्यानं आला का? मंग त्याच्या म्हनन्यानं कसा जाईन? पाऊस आपल्या गावाले ओळखतच नाही. त्याले कोळपांढरी माहीत नाही, पुंजाराम माहीत नाही, खुशालराव बी माहीत नाही. तिकडं समुद्रावून निघते तो. त्याच्या एका पावलाखाली अख्खं वऱ्हाड येते, मेळघाटासकट. अन् तुमी म्हनता, एका मडक्याखाली झाकला."

कुणीतरी हसले.

सहदेव वाळूत बसला. त्याचा आवाज खाली आला. "आता माहं ऐका. वीस साली भिवसनची गाडी कोनं हाकलली, ठाऊक हाये का? मी. पंधरा वर्षांचा होतो. भगवंतरावनं बैल जुंपाले सांगितले, मी जुंपले. भट्टीवर पयला दगड बी माहाच. शिवेपाशी गाडी खाली केली. भिवसनची म्हातारी माय होती, तिनं मले इचारलं, बाबू, पानी हाये का रे तुह्यापाशी. गाडीत भोपळ्याच्या तुंबड्यात पानी होतं. मी नाही म्हनलं. सारा गाव नाही म्हनत होता, मंग मी कसा देऊ? पायी पायी ते बार्शीटाकळीकडं गेले. म्हातारी वाटेतच गेली, असं मंग आयकलं. पुढच्या साली पाऊस पडला अन् मी म्हनलं, आपलं बरोबर होतं. तीस साल बरोबरच होतं. मंग मोरोपंत नाझरनं माह्यापुढं वही टाकली. गिरवता गिरवता मी चिखलदऱ्याच्या पानावर आलो. वीस लिहिलं, एकवीस लिहिलं. अन् माहा हात थांबला."

सहदेवने वही उघडून ते पान गावापुढे धरले.

"त्या दिवशी समजलं, म्हातारीनं पानी मांगितलं होतं अन् मी दिलं नाही, एवढंच खरं होतं. बाकी सारं खोटं होतं."

खुशालराव उभे होते ते खाली बसले. दहा वर्षांचा खुशाल त्या दिवशी बापाच्या बोटाला धरून भट्टी मोडताना पाहत होता. बाप त्याला सगळ्या पावसाचा धनी वाटला होता. पंचेचाळीस वर्षे ते याच अभिमानावर उभे होते.

"खुशालराव," सहदेव म्हणाला, "बसलेच तं रांगेच्या टोकाशी बसा, डोकं वाळूले लावा अन् शेंड्याशेंड्यानं पाहा. एक एक तुराटी नका पाहू. सारी रांग एकदम पाहा."

मागच्या सालच्या तुराटीपाशी येऊन खुशालरावांनी हात टेकले, गाल वाळूपाशी नेला आणि एक डोळा मिटला.

मित्रहो, त्यांनी जे पाहिले ते आपणही पाहायला हवे! तुराट्या दिसेनाशा झाल्या. राहिली ती फक्त शेंड्यांची एक रेघ. ती रेघ पहिल्या तुराटीपासून खाली उतरत गेली होती. वर-खाली होत, पण एकूण खालीच, तीस-पस्तीस वर्षे. मग ती हळूहळू वर चढू लागली आणि पुढची तीस वर्षे चढतच राहिली. आणि अगदी शेवटी, त्यांच्याजवळच्या तुराट्यांत, ती धड वर ना धड खाली, वळणावर आल्यासारखी थरथरत होती. शेजारच्या तिन्ही रांगांतही तेच. चार रांगा एकदम खाली, एकदम वर. जणू वरपासून खालपर्यंत सारी पूर्णा एकच श्वास घेत होती. आणि तो श्वास एवढा मोठा की आत घ्यायला एका माणसाचे आयुष्य लागावे आणि सोडायला दुसऱ्याचे. दूर उत्तरेला गाविलगडचे डोंगर दिसत होते. खुशालरावांना वाटले, आपण आजवर त्या डोंगराचा एक दगड हातात घेऊन हाच डोंगर असे सांगत आलो.

बऱ्याच वेळाने ते उठले. गालाला वाळू चिकटली होती. ती त्यांनी पुसली नाही.

"माह्या बापाचं सारं आयुष्य उतारावर गेलं," ते हळूच म्हणाले. "अन् माहं चढावर. मले वाटे, ही आमची करनी हाये."

"त्याईले वही कोनी दाखवली नाही," सहदेव म्हणाला. "त्याईची चूक तेवढीच."

"आता पुढं काय हाये, सहदेवभाऊ? उतार?"

"ते मी नाही सांगू शकत. एवढंच सांगतो, उतार आला तं कोनाची भट्टी मोडून चढ येनार नाही. चढावर जे पानी पडते ते धरून ठेवा, उतारावर ते प्या. मानसाच्या हाती तेवढंच हाये."

रांगेच्या टोकाला, मागच्या सालच्या तुराटीपुढे, वाळू मोकळी होती. खुशालरावांनी तिकडे बोट दाखवले. "अन् यंदाची?"

"यंदाचं साल अजून सरलं नाही."

सहदेवने खिशातून कागद काढला, मांडीवर पसरला आणि म्हणाला, "आता सांगा, कुठी करू सही?"

खुशालरावांनी कागद त्याच्या हातून घेतला. घडी केली, पुन्हा घडी केली आणि खिशात ठेवला. मग ते झिऱ्याकडे चालू लागले. गाव मागे मागे आला. झिऱ्याकाठी घागरींची ओळ होती. सर्वांत पुढे त्यांच्याच घराची तांब्याची घागर, आज त्यांची पाळी होती. ओळीबाहेर पुंजारामची मातीची घागर पालथी पडली होती. इतक्या दिवसांच्या उन्हाने तिच्यावर वाळू भाजून चिकटली होती. खुशालराव वाकले. त्यांनी ती घागर उचलली, धोतराच्या सोग्याने आतून-बाहेरून पुसली आणि सुलटी करून आपल्या घागरीच्या पुढे ठेवली.

मग झिऱ्यात उतरून त्यांनी वाटीवाटीने ती भरली. गावच्या पाटलाने कुंभाराची घागर भरायला चांगला पाऊण तास लागला. तेवढा वेळ कुणीही घरी गेले नाही.

"पाटील, राहू द्या, मी घेतो," पुंजाराम पुढे होऊन म्हणाला.

"थांब," खुशालराव म्हणाले. "पंचेचाळीस सालाचं पानी हाये हे. माह्या हातानं नेऊ दे."

पार्वताबाई पुढे आल्या, त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढून नवऱ्याच्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "सांडू नका म्हंजे झालं. त्या बाळंतिनीची दाय आज शिजली पायजे. आपन खाऊ खडे, आपल्याले सवय हाये."

गावाला तेव्हा मोकळेपणाने हसू आले.

असे झाले आणि लगेच पाऊस आला, असे मी लिहिले तर तुम्हाला गोड वाटेल. पण ते खरे नाही, आणि तसे लिहिणे म्हणजे पुन्हा तीच जुनी चूक करणे. मघा कोरड्या गेल्या, पूर्वांत दोन सरी आल्या. ते साल वाईटच गेले. पण त्या सालात कोळपांढरीतून कुणी शिवेबाहेर गेले नाही. हिवाळ्यात गावाने मिळून गावठाणाच्या उतारावर मोठा हौद खणला. शाळेच्या विटा देऊन झाल्यावर पुंजारामने आणखी दोन भट्ट्या लावल्या आणि त्या विटांनी हौद बांधला. पुढच्या पावसाळ्यात छपरांवरचे आणि उतारावरचे गोडे पाणी त्यात आले. ज्या भट्टीने पाऊस पळवला म्हणून गाव तिच्यावर उठला होता, तिच्याच विटांच्या आत आज गावाचा पाऊस साठलेला असतो. गंगूबाईचा नातू आजोळी आला की त्यात डोकावून आपले तोंड पाहतो.

बंधूंनो आणि भगिनींनो, संकट आले की आपला पहिला प्रश्न असतो, हे कुणी केले? आणि उत्तर म्हणून आपण नेहमी गावातला सर्वांत दुबळा माणूस शोधतो. नदी, आभाळ, काळ ही आपल्याहून फार मोठी आहेत. त्यांच्यापुढे नम्र व्हावे, त्यांची नोंद ठेवावी, त्यांनी दिलेले धरून ठेवावे. पण त्यांचा राग शेजाऱ्यावर काढू नये. दोन सालांच्या आठवणीवर कुणाला दोषी ठरवू नये. आणि कुणी पाणी मागितले तर गाव काय म्हणेल हे न पाहता द्यावे.

चावडीच्या भिंतीला आजही त्या तुराट्या ओळीने बांधलेल्या आहेत. सहदेव गेला. दर साली पावसाळा संपला की खुशालराव बाळापूरच्या कचेरीत जातात, आकडा विचारून येतात, अंगणात बसून बोटांनी मापून एक नवी तुराटी छाटतात आणि ओळीत उभी करतात. खुजी असो की उंच, ती छाटताना ते कुणाचेही नाव घेत नाहीत.